काय वाचून आलात?

रुग्णाची हकीकत घेताना काय काय विचारायचे याची एक ठरलेली यादी वैद्यकीय महाविद्यालयात आमच्याकडून घोटून घेतली गेली होती. मुख्य तक्रार, ती केव्हापासून, आधीचे आजार, घरातल्यांचे आजार, चालू औषधे, तंबाखू-दारू, झोप, भूक, शौच, लघवी. या यादीत आणखी एका प्रश्नाची भर पडायला हवी असे मला गेली काही वर्षे वाटत आले आहे आणि माझ्या ओपीडीत मी ती घातलीही आहे. प्रश्न साधा आहे: या दुखण्याबद्दल तुम्ही मोबाइलवर काय वाचले किंवा पाहिले आहे?

या प्रश्नाला सुरुवातीला मिळणारे उत्तर तंबाखूच्या प्रश्नाला मिळणाऱ्या उत्तराच्याच जातीचे असते. "छे हो डॉक्टर, आम्हाला कुठलं त्यातलं कळतंय," असे सासूबाई म्हणतात आणि शेजारी बसलेली सून खाली बघून हसते. रुग्ण नाकारतात, कारण आम्ही डॉक्टरांनीच त्यांना तशी सवय लावली आहे. ‘गूगल करून आलात का?’ हे वाक्य आमच्या तोंडून बहुधा खवचटपणेच निघते. काही दवाखान्यांत तर स्वतः निदान करून येणाऱ्याला जादा फी पडेल अशा गमतीच्या पाट्याही पाहायला मिळतात. परिणाम असा होतो, की रुग्ण वाचायचे थांबत नाही, फक्त सांगायचे थांबतो. मग मी लिहून दिलेली गोळी तो का घेत नाही, साधे अपचन असताना त्याला ईसीजीच का हवा आहे किंवा चाळीस वर्षांचा धडधाकट माणूस माझ्यासमोर घामाघूम का होतो, हे मला कळण्याचा मार्गच उरत नाही. त्याने काय वाचले आहे ही त्याच्या आजाराच्या हकीकतीतली माहिती आहे, आणि ती न घेता केलेली तपासणी अपुरी आहे.

मी दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करतो. ‘आता मिरजेला न्या’ असे सांगण्याआधीचा जो टप्पा असतो, तो माझा. मधुमेह, रक्तदाब, दमा, थायरॉइड, ताप आणि हृदयविकाराचे पहिले काही तास एवढा माझ्या कामाचा आवाका आहे, आणि पुढचे सगळे याच अनुभवावरून लिहिले आहे.

आधी आमच्या बाजूचे सांगतो, कारण त्याबद्दल डॉक्टर फारसे बोलत नाहीत. शोध आम्हीही घेतोच. मी शिकत होतो तेव्हा एखाद्या विषयावरचे लेख हुडकायचे म्हणजे ग्रंथालयात जाऊन ‘इंडेक्स मेडिकस’चे जाडजूड खंड उलटावे लागत. १९९७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने आपली सूची पबमेडच्या रूपाने जगाला फुकट खुली केली आणि मिरज-सोलापूरचा विद्यार्थी व लंडनचा विद्यार्थी निदान लेखांच्या सारांशापुरते एका पातळीवर आले. छापील इंडेक्स मेडिकस २००४ अखेर बंदच झाला. आज एखाद्या क्षयरोग्याला रिफॅम्पिसिन सुरू करताना तो आधीपासून रक्त पातळ करण्यासाठी वॉरफेरिन घेत असेल, तर वॉरफेरिनचा परिणाम कमी होणार हे मला ठाऊक असते. पण त्याच्या पिशवीतल्या उरलेल्या सहा गोळ्यांपैकी आणखी कोणाकोणावर रिफॅम्पिसिनचा परिणाम होईल हे मी मोबाइलवर पाहूनच घेतो. पूर्वी हे काम मी टेबलाच्या आड करीत असे. आता रुग्णाच्या देखत करतो आणि काय पाहतो आहे हेही सांगतो. त्याने माझी पत कमी झाल्याचे मला जाणवलेले नाही. उलट, डॉक्टर आपल्या देखत शोधतो आहे हे पाहिल्यावर रुग्णही आपला मोबाइल पुढे सरकवतो, आणि हकीकत खऱ्या अर्थाने तिथून सुरू होते.

या मोबाइलवर सर्वांत जास्त वेळा जे असते तो लेखही नसतो आणि व्हिडिओही नसतो. असतो तो लॅबचा पीडीएफ रिपोर्ट.

रिपोर्टचा प्रवास गेल्या काही वर्षांत पार उलटा झाला आहे. पूर्वी तो बंद पाकिटात डॉक्टरकडे येत असे आणि रुग्णाला त्याचा अर्थ आकड्याच्या आधी किंवा आकड्याबरोबर कळत असे. आता रात्री साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट येतो, त्यात काही आकडे ठळक किंवा तांबड्या अक्षरांत असतात, शेजारी वर किंवा खाली दाखवणारा बाण असतो आणि डॉक्टर भेटणार दुसऱ्या दिवशी अकराला. मधल्या तेरा-चौदा तासांत घरात काय होत असेल याचा अंदाज ज्याने त्याने करावा. अमेरिकेत एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांमुळे तपासण्यांचे निकाल रुग्णाला विनाविलंब दाखवणे बंधनकारक झाले आहे, त्यामुळे न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलालाही हाच अनुभव येतो आणि तोच मुलगा इथल्या आईचा रिपोर्ट आला की रात्री मला संदेश पाठवतो. रुग्णाचा रिपोर्ट रुग्णाला आधी मिळू नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. तो त्याचाच आहे. पण तांबड्या अक्षराचा अर्थ कोणी त्याला सांगितलेला नसतो, आणि तो सांगण्याजोगा आहे.

‘नॉर्मल रेंज’ ठरवण्याची नेहमीची पद्धत अशी असते, की पुष्कळ निरोगी माणसांची तपासणी करायची आणि मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या पट्ट्यात बसतील तो पट्टा ‘नॉर्मल’ म्हणून छापायचा. याचा अर्थ असा, की पूर्णपणे निरोगी अशा दर वीस माणसांपैकी एकाचा आकडा व्याख्येनेच पट्ट्याबाहेर पडणार. ही झाली एका तपासणीची गोष्ट. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकाच निरोगी माणसावर केल्या, तर त्यांतला निदान एक आकडा तांबडा येण्याची शक्यता ६४ टक्के होते. हल्ली सणासुदीला सवलतीच्या दरात जी ‘फुल बॉडी चेकअप’ पॅकेजे विकली जातात, त्यांत साठ-सत्तर आकडे सहज असतात. त्या आकड्यांचा एकमेकांशी थोडाफार संबंध असतो, त्यामुळे हे गणित तंतोतंत लागू होत नाही, पण दिशा तीच राहते: पुरेशा तपासण्या केल्या की सर्वांग सरळ असलेला माणूस सापडणे कठीण होते. हे मी कागदावर वीस टिंबे काढून दाखवतो. माझ्या अनुभवात औषधाच्या चिठ्ठीपेक्षा त्या टिंबांनी जास्त लोकांची झोप परत आणली आहे.

एमआरआयच्या रिपोर्टचेही तेच. कंबर दुखते म्हणून काढलेल्या एमआरआयमध्ये ‘डिस्क बल्ज’ (मणक्यातली चकती थोडी बाहेर फुगणे) हे शब्द दिसले, की माणूस ते शब्द शोधपेटीत टाकतो आणि शस्त्रक्रियेच्या जाहिरातीपर्यंत जाऊन पोहोचतो. कंबर अजिबात दुखत नसलेल्या तीन हजारांहून अधिक माणसांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात असे दिसले, की विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यातील चकत्यांमध्ये झीज होती आणि ऐंशीच्या घरात हेच प्रमाण ९६ टक्क्यांवर गेले होते. बल्जचे प्रमाण विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. केस पांढरे होण्याची बातमी कोणी मराठीत टाइप करून शोधत नाही. पण मणक्याचे केस पांढरे झाल्याची बातमी इंग्रजीत आणि छापील येते, म्हणून ती भयंकर वाटते. अर्थात पायातली ताकद कमी होणे, लघवीवरचा ताबा जाणे, ताप किंवा वजन घटण्याबरोबर कंबर दुखणे या गोष्टी वेगळ्या. त्या असतील तर तातडीने पुढे जायलाच हवे, आणि त्या आहेत की नाहीत हे रिपोर्टवरून नाही, माणसाला विचारून आणि तपासून कळते.

वाचण्याने शरीरावर परिणाम होतो का, या प्रश्नाचे उत्तर मला ज्या प्रयोगात सर्वांत स्पष्ट सापडले तो प्रयोग लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी केला आणि २०२० साली प्रसिद्ध झाला. कोलेस्टेरॉलसाठीच्या स्टॅटिन गोळ्या अंगदुखीमुळे किंवा अन्य त्रासामुळे सोडून दिलेली साठ माणसे त्यांनी घेतली. प्रत्येकाला वर्षभराच्या बाटल्या दिल्या: चार महिन्यांच्या बाटल्यांत खरी अ‍ॅटॉरव्हास्टॅटिन, चार महिन्यांच्या बाटल्यांत हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी आणि चार महिन्यांच्या बाटल्या रिकाम्या. महिन्यांचा क्रम सरमिसळ. रोज किती त्रास होतो याचे गुण शंभरापैकी मोबाइलवर नोंदवायचे. रिकाम्या महिन्यांत सरासरी ८ गुण निघाले, खऱ्या औषधाच्या महिन्यांत १६.३ आणि खोट्या गोळीच्या महिन्यांत १५.४. म्हणजे त्रास खरा होता, माणसे ढोंग करत नव्हती. पण त्या त्रासाचा सुमारे ९० टक्के भाग औषधातून येत नव्हता, तो गोळी घेतल्याच्या जाणिवेतून येत होता. स्वतःचेच आकडे दाखवल्यावर त्यांतल्या निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केली.

हा प्रयोग मी जवळजवळ रोज कोणाला ना कोणाला सांगतो. ‘काही वाचू नका’ हे सांगण्यासाठी नव्हे. एकदा हार्ट अटॅक येऊन गेलेला माणूस जेव्हा महिनाभर गोळी बंद ठेवतो आणि विचारल्यावर ‘अंग दुखतं’ एवढेच म्हणतो, तेव्हा त्याने गोळी बंद करण्याआधी काय पाहिले होते हे मला ठाऊक असायला हवे. व्हिडिओ पाहिल्यानंतर अंग दुखायला लागले की अंग दुखायला लागल्यावर व्हिडिओ पाहिला, हा क्रम विचारला की निम्मे उत्तर तिथेच मिळते. आणि उरलेल्या दहा टक्क्यांत खरोखरची स्नायूंची इजा असू शकते, म्हणून सीपीके ही स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी मी टाळत नाही.

अर्धसत्य हे पूर्ण असत्यापेक्षा हाताळायला अवघड असते. मेटफॉर्मिनने किडनी जाते, हा संदेश आमच्या भागात दरवर्षी नव्याने फिरतो. मेटफॉर्मिन किडनी खराब करत नाही. परंतु किडनी आधीच खराब असेल तर ते शरीरातून नीट बाहेर पडत नाही. म्हणून ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा आकडा, ४५ च्या खाली गेला की त्याचा पुनर्विचार करायचा आणि ३० च्या खाली गेला की ते बंद करायचे असा संकेत आहे. संदेश लिहिणाऱ्याने कार्यकारणभाव उलटा केला, एवढेच. पण तो संदेश वाचून गोळी सोडलेल्याची साखर साडेतीनशेवर राहिली, तर ती वाढलेली साखर मात्र किडनीचे खरेच नुकसान करते. हे समजावून सांगायला, संदेश कोणता होता हे आधी समजावे लागते. नुसते ‘व्हॉट्सअ‍ॅपवर विश्वास ठेवू नका’ म्हटल्याने काहीही होत नाही.

मराठीत शोधणाऱ्याची अडचण आणखी वेगळी आहे. इंग्रजी येणारा माणूस चाचपडत का होईना, एखाद्या सरकारी वा विद्यापीठाच्या पानापर्यंत पोहोचतो. मराठीत ‘मूतखडा’ किंवा ‘साखर’ टाइप केले की घरगुती उपायांची रांग लागते आणि त्यातल्या बऱ्याच पानांच्या शेवटी एखादा काढा, चूर्ण किंवा कोर्स विकायला ठेवलेला असतो. जिनिव्हातील हेल्थ ऑन द नेट ही संस्था १९९० च्या दशकापासून विश्वासार्ह आरोग्य-संकेतस्थळांना शिक्का देत असे. तीही २०२२ अखेर बंद झाली. तेव्हा पान ओळखायची जबाबदारी वाचणाऱ्यावरच आहे. त्यासाठी मी रुग्णांना कायद्यातली एक पळवाट नसलेली खूण सांगतो. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात ५४ विकारांची यादी आहे आणि मधुमेह, कर्करोग, रक्तदाब हे तिच्यात आहेत. हे विकार बरे करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात करणे हाच गुन्हा आहे. म्हणजे ‘मधुमेह मुळासकट घालवा’ असे लिहून खाली डबी विकणारे पान पहिल्याच ओळीत नापास होते, पुढचे वाचायची गरजच उरत नाही.

वाचल्यामुळे भले झाल्याचीही उदाहरणे आहेत, आणि ती सांगितली नाहीत तर हा लेख एकतर्फी होईल. कोरडा खोकला जात नाही म्हणून दोन ठिकाणी खोकल्याची औषधे घेऊन कंटाळलेल्या एका शिक्षिका माझ्याकडे आल्या आणि काहीशा संकोचाने म्हणाल्या, "सर, मी वाचलं की बीपीच्या माझ्या गोळीनेही असा खोकला येतो. असेल का तसं?" गोळी रामिप्रिल होती, खोकला तिचाच होता, गोळी बदलल्यावर गेला. हे त्यांनी आधीच्या डॉक्टरांना का सांगितले नाही, असे विचारले तर म्हणाल्या, "रागावतील म्हणून." २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तर खाटा नसताना घरोघरचे ऑक्सिमीटर, पालथे झोपण्याचे व्हिडिओ आणि ‘आकडा ९४ च्या खाली आला तर कळवा’ एवढ्या एका संदेशावर अनेक घरांनी माणसे सांभाळली. त्याच लाटेत छातीच्या स्कॅनवरून काढलेला सीटी स्कोअर नावाचा आकडाही घराघरांत शिरला. पंचविसापैकी बारा म्हटल्यावर परीक्षेचा निकाल लागल्यासारखे लोक रडत. ऑक्सिमीटरच्या आकड्याबरोबर काय करायचे ते सांगितलेले होते, सीटीच्या आकड्याबरोबर नव्हते, हा त्यातला फरक.

आता प्रत्यक्ष भेट न होता दिल्या जाणाऱ्या सल्ल्याविषयी. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने फोनवरून दिलेल्या सल्ल्यासंबंधीच्या एका प्रकरणात डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला, तेव्हा राज्यभरातल्या डॉक्टरांनी फोनवर औषध सांगण्याचा धसकाच घेतला होता. मग २५ मार्च २०२० रोजी, देशभर टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि हा व्यवहार नियमांत बसला. ही तत्त्वे रुग्णांनी वाचावीत इतकी सोपी आहेत. डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दाखवायचा. रुग्णाची ओळख आणि वय विचारायचे. अल्पवयीन असेल तर सोबत मोठे माणूस हवे. पॅरासिटामॉल-ओआरएससारखी औषधे कोणत्याही माध्यमातून सांगता येतात, काही औषधे पहिल्या भेटीत केवळ व्हिडिओवर पाहूनच देता येतात, काही आधी सुरू असलेल्या उपचाराला जोड म्हणूनच, आणि गुंगीची, नशेची औषधे अजिबात नाहीत. आणीबाणीच्या प्रसंगी रुग्णाला प्रत्यक्ष उपचारासाठीच पाठवायचे. चिठ्ठी द्यायची, नोंद ठेवायची, आणि फोनवर जमणार नाही असे वाटले तर डॉक्टर कोणत्याही टप्प्यावर थांबू शकतो.

यातले चिठ्ठीचा आणि नोंदीचा हे दोन नियम रोजच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाळले जात नाहीत. "फक्त एक विचारायचं होतं" असा संदेश येतो, त्याला घाईत उत्तर दिले जाते, ना केस पेपर ना फी ना नोंद, आणि तो सल्ला पुढे शेजारणीलाही लागू केला जातो. कायद्याच्या नजरेत तो सल्लाच असतो, मग तो लग्नाच्या पंगतीत बसून टाइप केलेला का असेना. म्हणून मी दुपारची एक वेळ फोनसाठी ठेवली आहे, तिची फी घेतो, चिठ्ठी पाठवतो आणि बाकी वेळी आलेल्या संदेशाला ‘दुपारी फोन करा किंवा जास्त त्रास असेल तर लगेच या’ एवढेच उत्तर देतो. फी घेण्यावरून नातेवाईक रुसले, ते चालायचेच.

सरकारची ई-संजीवनी ही सेवा मोहालीच्या सी-डॅकने घडवली. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती डॉक्टर-ते-डॉक्टर, म्हणजे आरोग्य उपकेंद्रातून दूरच्या डॉक्टरला जोडून देणाऱ्या, स्वरूपात सुरू झाली, एप्रिल २०२० मध्ये घरबसल्या ओपीडीही आली, आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्यावरून झालेल्या सल्ल्यांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली होती. दोन्ही प्रकारांत मला उपकेंद्रावरचा प्रकार अधिक भरवशाचा वाटतो. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाजवळ बसलेली असते, ती बीपी घेते, पायावरची सूज दाबून पाहते, पापणी खाली ओढून रक्त कमी आहे का ते बघते आणि मग स्क्रीनवरच्या डॉक्टरला सांगते. पोट हाताला कडक लागते की मऊ, हे कॅमेरा सांगू शकत नाही. मानसिक त्रासासाठी मात्र नुसता आवाजही पुष्कळ काम करतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक म्हणूनच मी चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहून देतो.

व्हिडिओ सल्ल्यात एक प्रश्न मात्र तंत्राच्या पलीकडचा आहे, आणि तो म्हणजे मोबाइल कोणाच्या हातात आहे. गावाकडच्या घरात स्मार्टफोन मुलाचा असतो. साठीची बाई, अंगावरून जाते आहे, हे मुलाने धरलेल्या कॅमेऱ्यासमोर सांगणार नाही. ती ‘अशक्तपणा वाटतो’ म्हणेल, आणि पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त जाणे ही गर्भाशयाच्या कर्करोगाची खूण असू शकते, हे आम्हा दोघांनाही त्या पाच मिनिटांत कळणार नाही. सुनेची गोष्ट आणखी कठीण. ओपीडीत मी नर्सला सांगून नातेवाइकांना बाहेर बसवू शकतो. व्हिडिओवर कोण शेजारी उभे आहे ते मला दिसतही नाही. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटाच्या लसीसाठी कोविनवर नोंदणी सक्तीची होती, तेव्हा शहरातली मुले गाड्या घेऊन खेड्यातल्या केंद्रांवर लस घेऊन गेली आणि गावातल्यांना वेळच मिळेना, हे सगळ्यांनी पाहिले होते. तेव्हा फोन असणे-नसणे डोळ्यांना दिसत होते. घरातल्या घरात एकाच फोनवर कोणाची सत्ता चालते, ते दिसत नाही.

डॉक्टरा-डॉक्टरांमधल्या व्हॉट्सअ‍ॅपचे ऋण मात्र मी मान्य करीन. छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी काढल्याबरोबर त्याचा फोटो हृदयरोगतज्ज्ञाकडे जातो, ‘हो, द्या’ असे उत्तर येते आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन इथेच सुरू होते. या आजारात प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो, त्यामुळे मिरजेपर्यंतच्या रस्त्यात वाया जाणारा वेळ अशा रीतीने वाचणे ही फार मोठी गोष्ट आहे. फक्त त्या फोटोवरचे नाव बोटाने झाकून फोटो काढायचा, एवढी शिस्त आमच्या गटांत अजून सर्वत्र आलेली नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत मोबाइलवरच्या वाचनात संभाषण करणाऱ्या एआयची भर पडली आहे. मला यातली नवी गोष्ट वाटते ती ही, की ते चांगल्या मराठीत उत्तर देते, आणि ज्याला टाइप करता येत नाही तो बोलूनही विचारू शकतो. वर म्हटलेली मराठीची अडचण त्याने बरीच दूर केली आहे, हे मी खुल्या मनाने सांगतो. २०२० च्या तत्त्वांनुसार एआयने रुग्णाला थेट सल्ला देणे किंवा औषध लिहिणे चालत नाही, ते डॉक्टरला मदत करू शकते; प्रत्यक्षात लोक विचारतातच. उत्तरे पुष्कळदा ठीक असतात. घोटाळा होतो तो प्रश्नात. उठल्यावर चक्कर येते, असे एका आजोबांनी विचारले आणि पाणी कमी पडणे, मान, कान, साखर अशी नेटकी यादी त्यांना मिळाली. प्रोस्टेटसाठी ते रात्री टॅम्सुलोसिन घेत होते आणि उभे राहिल्यावर बीपी उतरणे हा त्या गोळीचा माहीत असलेला गुण आहे. पण लघवीची गोळी आणि चक्कर यांचा काही संबंध असेल असे त्यांच्या मनातच आले नाही, म्हणून त्यांनी ती सांगितली नाही. आडवे आणि उभे असे दोनदा बीपी घेतल्यावर दोन मिनिटांत उलगडा झाला. त्यांनी एआयचे ते उत्तर मला दाखवले म्हणूनच, काय सांगायचे राहिले होते ते मला कळले.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झाले, आणि चौदा आकडी आभा क्रमांकाशी जोडलेले रिपोर्ट रुग्णाच्या संमतीने कोणत्याही डॉक्टरला पाहता यावेत अशी त्याची कल्पना आहे. कल्पना उत्तम आहे. माझ्याकडे येणारा माणूस मात्र अजून औषधाच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी घेऊन येतो, आणि तिच्यात दोन वर्षांपूर्वीचा ईसीजी, रिकाम्या पाकिटांचे तुकडे आणि पुसट झालेली सोनोग्राफी असते. पिशवी आणि मोबाइल मिळून अख्खी फाइल होते, हे मी कंपाउंडरलाही पटवले आहे. तो आता नाव लिहून घेतानाच ‘मोबाइलवर काही बघितलं असेल तर ते काढून ठेवा’ असे सांगतो.

माझ्या काही समव्यवसायी मित्रांचा या सगळ्यावर आक्षेप आहे, आणि तो वेळेचा आहे. एका माणसाला टिंबे काढून दाखवण्यात, त्याचा व्हिडिओ मिनिटभर पाहण्यात जी पाच मिनिटे जातात ती आणायची कुठून? खासगी दवाखान्यात त्याचे उत्तर आहे: मी रुग्ण कमी घेतो, फी थोडी जास्त ठेवतो, आणि पहिल्या भेटीत गेलेली पाच मिनिटे पुढच्या भेटींत वाचतात, कारण ऐकून घेतलेला माणूस गोळ्या मध्येच सोडून तीन महिन्यांनी वाढलेल्या साखरेसह परत येत नाही. ग्रामीण रुग्णालयात सकाळी एकटा बसून शंभर-सव्वाशे केस पेपर उरकणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याला हे उत्तर देण्याची माझी हिंमत नाही. त्याला मी एवढेच सुचवले, की निदान ज्याने गोळी स्वतःहून बंद केली आहे त्याला तरी हा प्रश्न विचार. तो म्हणाला, "विचारतो, पण त्याने मोबाइल काढला की मागची रांग ओरडते."